वाढदिवसाची एक संध्याकाळ नाशकात: जिवलगासोबतच्या सहलीची आखणी

वाढदिवसाला नाशिकला यायचं ठरलं की बहुतेकांची यादी अशी होते: पंचवटी, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, मिसळ, द्राक्षमळा, गंगापूर धरण आणि वेळ उरलाच तर वणी किंवा शिर्डी. यातली प्रत्येक जागा बघण्यासारखी आहे, पण ही सगळी एका दिवसात कोंबली की दिवस गाडीतच संपतो आणि उत्सवमूर्ती रात्री केक कापताना जांभया देत असते. त्र्यंबकेश्वर शहरापासून २८-३० किलोमीटरवर आहे, वणीचा सप्तशृंग गड साठेक किलोमीटरवर, शिर्डी त्याहून लांब. या तिन्हींसाठी वेगळा दिवस काढा. वाढदिवस शहरात आणि शहराच्या पश्चिम कडेला साजरा करा. तेवढ्यातच भरपूर आहे.

आखणीला सुरुवात संध्याकाळपासून करावी. नाशकात सूर्य मावळताना तीन ठिकाणी असावंसं वाटतं: रामकुंडावर गोदावरीच्या आरतीला, गंगापूर रोडपलीकडच्या वाइन बनवणाऱ्या एखाद्या द्राक्षमळ्यात किंवा गंगापूर धरणाच्या काठी. तिन्ही एकाच तासात येतात आणि रामकुंड ते मळा हे अंतर संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास खातं. म्हणून उत्सवमूर्तीला आधीच एक प्रश्न विचारा, ‘संध्याकाळी कुठे बसायचंय, घाटावर, मळ्यात की धरणाच्या काठी?’ सगळंच गुपित ठेवायच्या हौसेपायी हा प्रश्न टाळू नका. केक, भेटवस्तू, जेवणाची जागा ही गुपितं ठेवा. संध्याकाळ मात्र त्याच्या किंवा तिच्या पसंतीची हवी. ती ठरली की सकाळ आणि दुपार आपोआप जागेवर बसतात: संध्याकाळ मळ्यात असेल तर पंचवटी सकाळी, संध्याकाळ घाटावर असेल तर पश्चिमेकडचा भाग दुपारी.

तारीख आधी तपासा

वाढदिवसाची तारीख हलवता येत नाही, पण त्या तारखेला नाशकात काय चालू असेल हे बघता येतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दारूविक्री बंद असलेले कोरडे दिवस, शिवाय मतदानाच्या आधीचे आणि निकालाचे दिवस. यांतल्या दिवशी वाढदिवस असेल तर मळ्यात फिरता येईल, वाइनची चव घेता येणार नाही. अशा वेळी सहल एक दिवस मागे-पुढे करा किंवा सरळ घाटाची संध्याकाळ निवडा.

सोमवारी कपालेश्वराला आणि त्र्यंबकला गर्दी असते, श्रावणातल्या सोमवारी तर फारच. रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळाराम मंदिरातून राम आणि गरुडाचे रथ निघतात. त्या दिवशी पंचवटीत गाडी नेण्याचा विचारही नको, पण चालत जाऊन रथ बघण्यासारखा वाढदिवस दुसरा नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि लोक रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदांत उड्या मारतात. तेव्हा चांगले कपडे, फोन आणि केक हे तिन्ही हॉटेलवर ठेवून बाहेर पडावं.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखाही ध्यानात घ्या. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं. पहिलं २ ऑगस्टला, दुसरं ३१ ऑगस्टला. या पर्वण्यांच्या आठवड्यात वाढदिवसाची निवांत सहल जमणार नाही. खोल्या मिळत नाहीत, रामकुंडाकडचे रस्ते बंद होतात आणि स्टेशनापासूनच गर्दी वळवली जाते.

ऋतूचं गणित सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरा काळ. पहाटे चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर हवाच. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. पावसाळ्यात शहर हिरवंगार असतं, पण तेव्हा गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाभोवतीची छोटी मंदिरं पाण्याखाली जातात. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय यावर नाशिककर पूर मोजतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर आदल्या दिवशी ‘गंगापूर धरण विसर्ग’ एवढं शोधून बातमी वाचा. विसर्ग वाढलेला असेल तर घाट आणि सोमेश्वरचा धबधबा दोन्ही यादीतून काढा. सोमेश्वरच्या खडकांवर शेवाळ असतं आणि धरणातून पाणी सुटलं की पात्र पटकन भरतं, हे फोटोच्या नादात लक्षात राहत नाही.

आदल्या रात्री पोहोचा

मुंबईहून सकाळी निघून रात्री परतणारी सहल शक्य आहे, पण वाढदिवसासाठी आदल्या संध्याकाळी येणंच चांगलं. पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते आणि दहाच्या आत नाशिकरोडला पोहोचवते. एकाच दिवसात करायचं असेल तर सकाळची तपोवन एक्सप्रेस किंवा शिर्डीची वंदे भारत. दोन्ही सहा-सव्वासहाला सुटतात आणि नऊ-दहाच्या दरम्यान नाशिकरोडला येतात. वेळापत्रकं बदलतात, तेव्हा तिकीट काढताना पुन्हा बघा. या मार्गावर पासधारकांची गर्दी दांडगी असते, म्हणून आरक्षण न करता चढू नका. आरक्षण असेल तर डाव्या-उजव्या खिडकीचा वाद न घालता कसारा घाट बघत बसा, पावसाळ्यात दोन्ही बाजू सुंदर असतात.

पुण्याहून थेट रेल्वेमार्ग नाही. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या रस्त्याने २१० किलोमीटर. चाकणच्या कोंडीमुळे पाच तासांचे सहा होतात. पहाटे साडेपाचला निघालात तर चाकण मोकळं मिळतं, आठला निघालात तर मिळत नाही. एसटीच्या गाड्या ठक्कर बझार स्थानकात येतात. मुंबईहून बसने आलात तर मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग स्थानकात उतराल.

नाशिकरोड स्टेशन हे शहर नव्हे, हे नवख्यांना उशिरा कळतं. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, पंचवटी हा मूळ शहराचा भाग तिथून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. स्टेशनबाहेरून सिटीलिंकच्या शहर बस मिळतात, शेअर रिक्षा शालिमारपर्यंत जातात. रात्री दहाला सामानासह उतरत असाल तर ॲपवरची रिक्षा किंवा टॅक्सी बरी. स्टेशनाजवळ स्वस्तात खोली दिसली म्हणून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे आणि दीड तास जाण्यायेण्यात जाईल.

राहायला दोन भाग सोयीचे. घाटाची संध्याकाळ असेल तर सीबीएस-शालिमारच्या आसपास, मळ्याची असेल तर कॉलेजरोड किंवा गंगापूर रोड. दोघांचीही आधारकार्डं मूळ स्वरूपात जवळ ठेवा. मित्र-मैत्रीण अशी जोडी असेल तर आरक्षण करण्याआधी फोन करून विचारा. काही ठिकाणी दारात नकार मिळतो आणि रात्री अकराला वाढदिवसाची सुरुवात नव्या हॉटेलच्या शोधाने होते. त्याच फोनवर खोली किती वाजता ताब्यात मिळेल आणि खोलीत फ्रीज आहे का, हेही विचारून घ्या. केकसाठी फ्रीज लागणार आहे.

बारा वाजता: औक्षण

मध्यरात्री केक कापायची पद्धत झाली आहे, पण दोघांसाठी त्याहून नेटकं काही असेल तर ते औक्षण. मित्राने मित्राला ओवाळायला काहीच हरकत नाही. लागतं ते एवढंच: एक छोटं स्टीलचं ताट, कुंकवाची डबी, चिमूटभर अक्षता, एक सुपारी, बोटातली सोन्याची अंगठी, आणि तयार तुपाची फुलवात. ही फुलवात पूजेच्या दुकानात घट्ट तुपासकट मिळते, त्यामुळे प्रवासात तेल सांडायची भीती नाही. काडेपेटी गाडीत नेऊ नका, नाशकात घ्या. सोबत गोड म्हणून पेढा.

खोलीत धुराचा सेन्सर असू शकतो. एका वातीने तो सहसा वाजत नाही, पण ती पंख्याखाली विझते, आणि ओवाळताना दिवा विझणं कुणालाच आवडत नाही. आधी पंखा आणि एसी बंद करा. उत्सवमूर्तीला पूर्वेकडे तोंड करून बसवा, कुंकू लावा, अंगठी-सुपारीने ओवाळा, मग दिव्याने, मग डोक्यावर अक्षता. दिवा फुंकून विझवू नये. तो खिडकीपाशी सुरक्षित ठेवून आपोआप शांत होऊ द्या. नंतर थोडं बोलून झोपा, कारण सकाळ लवकरची आहे.

सकाळ: आधी लेणी, मग मिसळ

हा क्रम उलटा करू नका. पांडवलेणीला पायऱ्यांची पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे आणि पोटात तर्री असताना ती चढणं म्हणजे छातीत जळजळ. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि पहिल्या काही लोकांत पोहोचा. लेणी मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून आठेक किलोमीटर. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, तिथवर रिक्षा येते. परतीची रिक्षा तिथे सहज मिळत नाही, म्हणून आलेल्यालाच थांबवा आणि थांबण्याचे पैसे चढण्याआधी ठरवा. प्रत्येकी अर्धा लिटर पाणी पुरतं. पावसाळ्यात चपला नको, पायऱ्या निसरड्या होतात.

ही बौद्ध लेणी चोवीस आहेत, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून कोरत आलेली. सगळी बघायला गेलात तर डोकं भणभणेल. तीन नीट बघा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं वर्णन एका आईने दगडात कोरवून ठेवलंय. वाढदिवसाला आलेल्या माणसाने उभं राहून बघावं असं हे दगडी कौतुक आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिले, ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक असं व्याज ठरलं होतं. हे गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूर रोडवरचं गाव. संध्याकाळी मळ्याकडे जाताना याच गावावरून जाल, तेव्हा सकाळचा हा लेख सोबत्याला आठवून द्या. अठरावं लेणं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत आवाज घुमतो, पण तिथे ‘हॅपी बर्थडे’ म्हणून बघू नका, लोक प्रार्थनेलाही येतात. एकूण दीड तास पुरे.

साडेनऊपर्यंत खाली उतरा आणि मिसळीकडे वळा. नाशकात मिसळीवरून घराघरात मतभेद आहेत आणि कोण बरोबर हे सांगायची आमची इच्छा नाही. दोन घराणी मात्र ओळखून घ्या: काळ्या मसाल्याची आणि लाल रश्श्याची. काळी गडद, खोबरं-मसाला भाजून केलेली, चव जिभेवर मागाहून येते. लाल दिसायला जास्त भडक. बारदान फाट्याकडची साधना ही चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे, आवार मोठं आहे, पण रविवारी नऊ ते अकरा तिथे रांग असते. शनिवार-रविवार असेल तर साडेआठच्या आत किंवा थेट साडेअकरानंतर जा. साडेआठला जायचं तर लेणी दुसऱ्या दिवशीवर टाकावी लागतील.

ताटात मटकी, फरसाण किंवा शेव, कांदा, लिंबू, पाव, बहुतेक ठिकाणी दही आणि पापड येतो. तिखट सोसत नसेल तर ‘कमी तिखट’ मागून उपयोग नाही, रस्सा मोठ्या पातेल्यात एकदाच केलेला असतो. त्याऐवजी तर्री न घालता रस्सा वेगळ्या वाटीत मागा आणि दही जास्तीचं घ्या. पाव रश्श्यात आधीच बुडवून ठेवू नका, लगदा होतो. दोघांनी दोन मिसळी आणि वर एक ताक एवढंच घ्या. पहिल्यांदा आलेले लोक हौसेने दुसरी प्लेट मागवतात आणि दुपार झोपून काढतात.

पंचवटी, चालत

रिक्षावाल्याला ‘रामकुंड’ म्हणा किंवा नाशिककरांसारखं ‘गंगेवर’ म्हणा, दोन्ही समजतं. तिथून पुढे चालायचं. स्वतःची गाडी असेल तर ती गल्ल्यांत घालू नका. वाहनतळावर ठेवून दहा मिनिटं चाला, नाहीतर वळायलाही जागा मिळत नाही.

चालण्याचा सोयीचा क्रम: रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, परत घाटावर येऊन नारोशंकराचं मंदिर. न थांबता अर्ध्या तासाचा फेरा, थांबत गेलात तर दोन तास. रामकुंडावर पूजा, अभिषेक, पिंडदान सांगणारे लोक जवळ येतील. करायचं नसेल तर हात जोडून ‘नको’ म्हणा आणि चालत राहा. करायचं असेल तर दक्षिणा आधी ठरवून घ्या. ज्यांच्या घरी कुणी नुकतं गेलेलं असतं अशी माणसंही इथेच विधीला आलेली असतात, त्यांच्यासमोर हसत-खिदळत फोटो काढणं टाळा.

कपालेश्वरासमोर नंदी नाही. त्यामागची कथा पायऱ्यांवरच्या कुणाही आजींना विचारा, त्या आनंदाने सांगतात. काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकात काळ्या दगडात बांधलं. याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, आणि तो काही वर्षं चालला. आत शिरताना हे माहीत असायला हवं. मंदिराचं आवार मोठं आणि थंड आहे. दर्शन झाल्यावर ओवरीत पंधरा मिनिटं बसा, एरवी शहरात एवढी शांत जागा मिळत नाही.

सीतागुंफेची वाट अरुंद आणि उतरती आहे, आत वाकून, जवळजवळ बसून जावं लागतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. रांग लांब असेल तरी तेच, या एका जागेसाठी तास घालवू नका.

नारोशंकराच्या मंदिरावरची मोठी घंटा १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यानंतर पोर्तुगिजांकडून आलेली. मंदिराच्या दगडावरचे प्राणी आणि माणसं जवळून बघा. नाशकातलं हे बारकाईचं काम लोक घाईत चुकवतात. वार बुधवार असेल तर घाटावर आठवडे बाजार भरतो. गर्दी वाढते, पण मजाही वाढते. फक्त चालायचा वेळ दुप्पट धरा.

पूल ओलांडला की रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार आणि मेनरोड. भेटवस्तू इथेच घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नाव आहे. तांब्याचा तांब्या-भांडं ही वाढदिवसाची टिकणारी भेट. घेताना वजन करून घ्या, कारण भाव किलोवर असतो. आणि आतून कल्हई हवी का, ते विचारा. पाणी पिण्यासाठी कल्हई नको, पण आंबट पदार्थ ठेवायचे असतील तर हवीच. नाव कोरून हवं असेल तर सकाळी सांगून दुपारी उचला. सराफ बाजारात चांदीची लहान वस्तू घेतलीत तर पक्की पावती मागा. कोंडाजी चिवड्याची पाकिटं परतीच्या दिवशी घ्या, आधी घेतली तर पिशवीत चुरा होतो.

दुपार

एक ते साडेतीन काही करू नका. खोलीवर जा, आंघोळ करा, झोपा. हा वेळ वाया गेला असं वाटून त्यात संग्रहालय वगैरे घुसवलं की संध्याकाळ थकलेली निघते. अगदीच चैन पडत नसेल आणि उत्सवमूर्तीला वाचनाची आवड असेल तर गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक जवळ आहे. २७ फेब्रुवारीला जन्मलेल्यांनी तर जावंच, त्यांचा आणि कुसुमाग्रजांचा वाढदिवस एकच.

मळ्याची संध्याकाळ

सुला आणि तिच्या जवळपासचे सोमासारखे मळे शहराच्या पश्चिमेला, सीबीएसपासून साधारण १२ ते १५ किलोमीटरवर आहेत. साडेतीनला निघा, सव्वाचारपर्यंत पोहोचा, पाचच्या सुमाराची फेरी घ्या, साडेसहाला टेबलवर बसा. शनिवार-रविवारी फेरीची जागा आणि टेबल दोन्ही आधी ऑनलाइन नोंदवा. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाचे पैसे वेगळे असतात, ते खाण्यापिण्याच्या बिलात वळते होतात का ते नोंदवतानाच वाचा.

द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी ते मार्च. इथे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी. म्हणून मे महिन्यात आलेल्यांना छाटलेल्या वेली आणि कोवळी पालवी दिसते, घड दिसत नाहीत, आणि ते हिरमुसतात. घड दिसले तरी तोडू नका, ते कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचे असतात आणि फवारणी झालेली असू शकते. खाण्याची द्राक्षं रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्या, घरी नेऊन धुऊन मग खा.

वाइनसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र मागतात. एकविसावा वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांनी तारीख नीट मोजावी, एक दिवस आधी आलात तर मिळणार नाही. चव घ्यायच्या फेरीत चार-सहा प्रकार थोडे थोडे देतात, पांढरी आधी आणि लाल नंतर. रिकाम्या पोटी घेऊ नका. फेरीच्या आधी ब्रेड-चीज किंवा काहीही साधं खा. प्रत्येक पेल्यानंतर पाणी प्या. आवडलं नाही तर पेल्यातलं उरलेलं ओतायला भांडं ठेवलेलं असतं, संपवायची सक्ती नसते. दोघांपैकी एक जण पीत नसेल तर त्याला द्राक्षाचा रस मिळतो का, ते विचारा. आणि न पिणाऱ्याने आग्रहाला बळी पडायचं नाही, वाढदिवस कुणाचाही असो.

सगळ्यांत मोठी अडचण परतीची. दिवसा मळ्यापर्यंत रिक्षा-टॅक्सी सहज येते, रात्री आठ-नऊनंतर तिथून शहराकडे गाडी मिळत नाही किंवा दुप्पट पैसे मागतात. तीन उपाय आहेत: जाताना आणलेल्या चालकालाच परतीची वेळ ठरवून बांधून घ्या, दिवसभराची टॅक्सी करा, किंवा त्याच भागात मुक्काम ठेवा. स्वतःची दुचाकी घेऊन जाऊन ‘थोडीच घेतली आहे’ म्हणत परत येणं हा पर्याय धरू नका. गंगापूर रोडच्या त्या टोकाला दिवे कमी आहेत.

बाटली विकत घेतलीत तर कपड्यांत गुंडाळून उभी ठेवा, पावती सोबत असू द्या. दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याला जायचा बेत असेल तर बाटली नेऊ नका. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे.

घाटाची संध्याकाळ निवडली असेल तर गोष्टी सोप्या आहेत. दुपारी चारला गंगापूर रोडने सोमेश्वर, वाटेत आनंदवल्लीचा नवश्या गणपती, आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी रामकुंडावर. आरतीला पायऱ्यांवर जागा धरावी लागते. द्रोणात दिवा सोडायचा तर पानाचा द्रोण घ्या, थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा नको. धरणाचा काठ निवडला असेल तर बोट क्लबच्या बाजूला जा, आणि पाणी कितीही शांत दिसलं तरी आत उतरू नका. तळ अचानक खोल होतो.

केक आणि जेवण

अर्धा किलोचा केक चार-पाच जणांना पुरतो, दोघांना तो अर्धाही संपत नाही. पाव किलो सगळे बनवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी कॉलेजरोडच्या एखाद्या बेकरीत फोन करून सांगा. अंड्याचा की बिनअंड्याचा, वर काय लिहायचं हे मराठीत आणि व्हॉट्सॲपवर लिहूनच कळवा, फोनवर सांगितलेल्या नावाच्या वेलांट्या हमखास चुकतात. क्रीमचा केक उन्हाळ्यात बंद गाडीत अर्ध्या तासात ढासळतो. मळ्यात न्यायचा असेल तर सुक्या प्रकारचा घ्या आणि बाहेरचा केक चालतो का, ते विचारून घ्या. मोकळ्यावर वाऱ्याने मेणबत्ती राहत नाही, पेल्याच्या आडोशाने लावा. फोम आणि फटाक्यांच्या नळ्या नकोत. मेणबत्तीच्या ज्योतीवर फोम पेट घेतो आणि चेहरे भाजतात.

केक नकोच असेल तर जुन्या नाशकातल्या बुधा हलवाईची गरम जिलेबी पाव किलो घ्या. सकाळी पंचवटीच्या फेऱ्यानंतर खाल्ली तर रात्री केक आठवणारही नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्या. दोघांच्या सहलीत ‘आज सगळं माझ्याकडून’ हे वाक्य दोघंही म्हणतात आणि बिल आलं की अवघडतात. चांगली वाटणी अशी: प्रवास आणि खोली अर्धी-अर्धी, संध्याकाळ, जेवण आणि केक सोबत्याकडून, खरेदी ज्याची त्याने. रिक्षा आणि घाटावरच्या किरकोळ खर्चासाठी शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा सोबत ठेवा, सगळीकडे फोनवरून पैसे घेतले जातातच असं नाही.

परतीचं

मुंबईची पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते. गंगापूर रोडला मुक्काम असेल तर सहाला खोली सोडा आणि गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. एवढ्या लवकर उठवत नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराची तपोवन घ्या आणि मधला दिवस अंजनेरी किंवा त्र्यंबकला द्या. त्र्यंबकला सीबीएसहून एसटी आणि सिटीलिंक दोन्ही जातात. फक्त तिथून दोनच्या आत निघा, आणि त्यासाठी दर्शनाची रांग दहाच्या आत धरा.